खिडकीतल्या दोन बाटल्या

कन्सेप्टा हार्नेडीला गाडीच्या ब्रेकबद्दल जेवढं कळत होतं, तेवढं तिच्या दोन्ही पोरांना मिळूनही कळत नव्हतं. पण विचारतंय कोण? एकोणऐंशी वर्षांच्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. गुडघे कसे आहेत आणि गोळ्या घेतल्या का.

तिचा नवरा जेरोम, जाऊन सहा वर्षं झाली. त्याने आयुष्यात एकही गाडी गॅरेजला नेली नाही. सगळं मागच्या अंगणात, स्वतःच्या हाताने. आणि एकेचाळीस वर्षं दिवा धरला कन्सेप्टाने. दिवा धरणं म्हणजे हातात दिवा आणि कानांवर शिव्या. "इकडे धर गं! इकडे म्हणजे तिकडे नाही! माझ्या डोळ्यात कशाला, मी काय चोर आहे?" असं करता करता ब्रेक पॅड बदलताना तिने तीसेक वेळा तरी पाहिले होते. पण पाना तिच्या हातात कुणी दिला नाही. खरं सांगायचं तर तिनेही कधी मागितला नाही.

गेल्या महिन्यात तिने चर्चच्या फाटकाला गाडीचा आरसा घासला. फाटक दीडशे वर्षं त्याच जागी होतं, हे तिलाही मान्य होतं. पण तिची मुलगी नोरीन, ती कॉर्कला शाळेची मुख्याध्यापिका आणि तिच्या लेखी सगळं जग इयत्ता तिसरीत. तिने लगेच निकाल लावला. मंगळवारी गाडीची सरकारी तपासणी आहे, पास झाली तर चावी आणखी वर्षभर आईकडे. नापास झाली तर गाडी विकायची आणि आईने नोरीनकडे राहायला यायचं, गॅरेजची छान खोली करून घेतलीय. जामीन म्हणून दुसरी चावी तिने पर्समध्ये टाकून नेलीसुद्धा.

"म्हणजे गाडी जाणार, आणि गाडीच्या जागी मी उभी राहणार," कन्सेप्टा फोनवर म्हणाली. "ऑइल पण बदलशील का गं दर सहा महिन्यांनी?"

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तिचं घर टेकडीच्या माथ्यावर. दुकान, चर्च, डॉक्टर, चार माणसं, सगळं तीन किलोमीटर खाली, समुद्राच्या धक्क्यापाशी. बस गुरुवारी, आणि तीही ड्रायव्हरची बायको माहेरी नसेल तर. गाडी गेली की तिला घरात बसून भिंतीच मोजायच्या होत्या, हे ती पक्कं जाणून होती.

आणि गाडीचे पुढचे ब्रेक तर असे किंचाळायचे की उतारावर राहणाऱ्या केसी बहिणी घड्याळ बघतच नसत. रविवारी चर्चमध्ये दहाच्या प्रार्थनेला, मिस्सेला, कन्सेप्टा त्यांना घेऊन जायची. लांबून किंचाळी ऐकू आली की दोघी टोप्या घालून दाराशी हजर.

गावातल्या मेकॅनिकला पंधरा दिवस सवड नव्हती. म्हणून शनिवारी डब्लिनहून मुलगा आला. फिनबार, वय सत्तेचाळीस, कसल्याशा कॉम्प्युटर कंपनीत मोठा साहेब. विजेवर चालणारी, आवाज न करणारी गाडी घेऊन आला. कन्सेप्टा त्या गाडीला कपडे धुवायचं मशीन म्हणायची.

"आई, तू आत बस. चहा कर," तो नवीन पॅडचा खोका उघडत म्हणाला.

"दिवा कोण धरणार?"

"सकाळचे अकरा वाजलेत!"

"तुझ्या बापाला भर दुपारी लागायचा."

"आहे माझ्याकडे." त्याने कपाळावर पट्ट्याचा दिवा चढवला. फोन बादलीला टेकवून उभा केला. फोनमधला एक दाढीवाला पोरगा ब्रेक कसे बदलायचे ते सांगू लागला. झालं, दिवा धरायचं कामही गेलं. कन्सेप्टा मागच्या दाराच्या पायरीवर बसली. मध्ये मध्ये बोलणार नाही, असं तिने नोरीनला वचन दिलं होतं.

पण कुत्र्याशी बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. कुत्र्याचं नाव बिशप. जाडा होता, दिवसभर झोपायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही, म्हणून जेरोमने ते नाव ठेवलेलं.

फिनबारने गाडी जॅकवर चढवली आणि चाकाचे नट सोडायला घेतले. पाना फिरला, चाकही फिरलं, फिनबारही अर्धा फिरला.

"बिशप," कन्सेप्टा म्हणाली, "नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. हे तुला माहितीये, तू कुत्रा असून."

फिनबारने तिच्याकडे न बघता गाडी खाली घेतली.

"आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये रे, बिशप. खाली टेकूला लोखंडी घोडी लावावी. शेडमध्ये आहेत दोन."

तो शेडमधून घोडी घेऊन आला. पुढचं मात्र त्याने बरं केलं, खोटं कशाला बोला? पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडला, तारेने वर टांगला, रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही. जुने पॅड काढले तेव्हा त्यांवर नखाएवढीही जाडी उरली नव्हती. बापाचे हात अगदीच वाया गेले नव्हते.

मग दाढीवाला म्हणाला, पिस्टन मागे ढकलण्याआधी वरच्या डबीतलं थोडं ब्रेक ऑइल काढून घ्या, नाहीतर उतू जाईल. डबी काठोकाठ भरलेली होती. कन्सेप्टा दर महिन्याला भरायची, चहाचा कप अर्धा ठेवणं तिला जमायचं नाही तसंच. फिनबार स्वयंपाकघरात गेला आणि ख्रिसमसला टर्कीवर रस सोडायची पिचकारी घेऊन आला.

"अरे मेल्या, ती माझी—"

"नवीन आणून देतो!"

दारामागे लेमोनेडच्या रिकाम्या बाटल्या होत्या. त्याने पिचकारीने ऑइल काढून त्यातल्या एकीत भरलं आणि बिशपने सांडू नये म्हणून बाटली मागच्या खिडकीत ठेवली. खिडकीत आधीच एक बाटली होती. तीही लेमोनेडची, तीही अर्धी. तिच्यात तीर्थ होतं, वरच्या दलदलीतल्या संताच्या विहिरीचं. आता त्या विहिरीचं पाणी मुळातच कोऱ्या चहासारखं तपकिरी. जुनं ब्रेक ऑइलही तपकिरी. या भागात घराघरात तीर्थ लेमोनेडच्या बाटलीत असतं आणि कुणीही त्यावर चिठ्ठी लावत नाही. देवाला कळतं की!

नवे पॅड बसले. चाकं चढली. फिनबार गाडी सुरू करायला बसला.

"बिशप," कन्सेप्टा घाईने म्हणाली, "पॅड बदलल्यावर पेडल आधी दहा-बारा वेळा दाबून घट्ट करतात. जो करत नाही तो थेट समुद्रात जातो."

फिनबारने पेडल दाबलं. आधी पोकळ, मग घट्ट. तो उतरून बॉनेटखाली बघायला गेला. डबीतली पातळी खुणेच्या खाली गेली होती.

"आई, ती खिडकीतली बाटली दे गं."

कन्सेप्टा उठली, हात लांब करून बाटली घेतली आणि दिली. त्याने ओतली. डोळे फोनकडे होते, दाढीवाला 'आवडलं तर मित्रांना पाठवा' म्हणत होता. मग बॉनेट बंद झालं, आणि कन्सेप्टाने दुसरी बाटली घेऊन बॉनेटवर ऐटीत क्रूस शिंपडला, उभा आणि आडवा, लग्न झाल्यापासून प्रत्येक मोठ्या कामानंतर शिंपडत आली होती तसा.

"इन्शुरन्स भरलाय ना, आई?" फिनबार हसला.

"हाच माझा इन्शुरन्स. हप्ता नाही."

त्याने गाडी वाटेवर खाली-वर फिरवून आणली. ब्रेक झकास लागले, किंचाळी बंद. दोघांनी आत जाऊन पाव, लोणी, हॅम खाल्लं. फिनबार खुशीत होता. कन्सेप्टाही खुशीत होती, मंगळवारची धास्ती तिला आता उरली नव्हती.

तासाभराने उरलेला पाव कोंबड्यांना टाकायला ती बाहेर आली आणि गाडीपाशी थबकली.

बॉनेटवर क्रूस उमटला होता. चांगला हातभर लांब. निळा रंग फुगून दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता.

आधी तिने छातीवर हात ठेवला. अगं बाई! एकोणऐंशी वर्षं वाट पाहिली, आणि शेवटी देव आला तो बॉनेटवर? तेही रंगाची वाट लावायला? मग तिने खिडकीतली बाटली उचलून नाकाला लावली. विहिरीच्या पाण्याला शेवाळाचा वास येतो. याला जेरोमच्या कपड्यांचा वास येत होता.

ती पायरीवर बसली. बॉनेटवर ब्रेक ऑइल शिंपडलं होतं. म्हणजे ब्रेकमध्ये तीर्थ गेलं होतं.

जेरोम दहादा सांगायचा, ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेलं तर सपाटीवर काही कळत नाही. उतारावर ब्रेक तापतात, पाणी उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल पायाखाली थेट फरशीला टेकतं. आणि त्यांचा उतार सरळ धक्क्यावर जात होता. उद्या दहाची मिस्सा. मागच्या सीटवर केसी बहिणी, दोघींचं वय मिळून एकशे सत्तर.

बाटली कुणी दिली? तिने. हातात धरून दिली. फिनबारला सांगितलं की तो नोरीनला सांगणार, आणि नोरीन म्हणणार, बघ, आता तिला पाण्यातलं आणि ऑइलमधलंही कळेनासं झालं. चावी गेली. घर गेलं. गॅरेजमध्ये पलंग. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिच्या मनात आलं की गप्प बसावं. उद्या पाय मुरगळला म्हणून सांगावं आणि सोमवारी कुणाला तरी बोलवावं. पण आज रात्रीच फिनबार ती गाडी घेऊन खाली दारू प्यायला गेला तर? त्याचं कपडे धुवायचं मशीन चार्जिंगला लागलं होतं.

"फिनबार!" ती ओरडली. "बाहेर ये. आणि ओरडू नकोस."

तो आला. त्याने क्रूस बघितला, बाटली हुंगली, तिचं सगळं ऐकलं, आणि ओरडला.

"तू दिलीस ती बाटली!"

"तू ओतलीस!"

"मी खिडकीतली दे म्हटलं, तू—"

"खिडकीत ठेवली कुणी? लेमोनेडच्या बाटलीत भरली कुणी? या घरात जन्मलास ना रे तू? लेमोनेडच्या बाटलीत इथे काय असतं, ठाऊक नाही? सात वर्षांचा असताना तूच प्यायला होतास, फादरना बोलवावं लागलं!"

"मला नोरीनला सांगायला हवं," त्याने फोन काढला.

"सांग ना. सगळं सांग मात्र. ओतताना वास घेतला नाहीस, ते सांग. पिचकारीचं पण सांग."

फिनबारचा हात तसाच राहिला. तो बॉनेटकडे बघत होता, मग उताराकडे, मग खाली चमकणाऱ्या समुद्राकडे. तो चाकाला टेकून जमिनीवरच बसला.

"मी तुला मारलं असतं, आई."

"मला एकटीला नाही. केसी बहिणी होत्या की."

"विनोद करू नकोस गं. तुला गाडी झेपत नाही म्हणून आम्ही महिनाभर बोलतोय. आणि मी..."

तिला त्याची दया आली, आणि रागही आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त काळजी होती ती उजेड जाण्याची. तिने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "उठ. रडायचं ते नंतर. दुकान पाचला बंद होतं. मशीन घेऊन जा आणि ब्रेक ऑइलचे तीन डबे आण, सीलबंद. आणि हातभर लांबीची पारदर्शक नळी. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोरीनला सांगायचं नाही. मीही नाही, तूही नाही."

तो गेला. तिने बॉनेट पाण्याने तीनदा धुतलं. शेडच्या खुंटीवरून जेरोमचा डगला काढून अंगात घातला. बाह्या चार वेळा दुमडाव्या लागल्या. बिशप उठून उभा राहिला. ते त्याने सहा वर्षांत केलं नव्हतं.

फिनबार परत आला तेव्हा ती मागच्या चाकापाशी स्टुलावर बसली होती, पाना हातात.

"आई, हे मी करतो—"

"तू गाडीत बस. ब्रेकमधलं पाणी नि हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पाय आणि एक डोकं. पाय तुझा."

डबीतलं सगळं पिचकारीने उपसून तिने ताजं ऑइल भरलं. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकामागचा छोटा बोल्ट, त्याला नळी, नळीचं दुसरं टोक जाम भरायच्या बरणीत. पहिला बोल्ट तिच्या संधिवाताच्या बोटांना हलेना. तो फिनबारने सैल करून दिला आणि निमूट परत आत जाऊन बसला.

"दाब! ... धर! ... धर म्हटलं ना! सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही!"

"सोडलं नाही!"

"मग हे बुडबुडे काय तुझ्या आजीने सोडले? हवा आत गेली, गाढवा! पुन्हा. दाब! धर! ... आता सोड."

"आई, तू शिव्या देतेस."

"पान्याबरोबर येतात त्या. मला आज कळलं."

चार चाकं, दोन तास. नळीतून आधी चहा आला, मग फिका चहा, मग स्वच्छ ऑइल. दर थोड्या वेळाने ती उठून डबी भरायची, आणि दर वेळी आधी डबा हुंगायची. त्या दोन तासांत चहा करायला ती एकदाही उठली नाही. तिची पाठ मोडून आली होती, आणि इतकं बरं तिला सहा वर्षांत वाटलं नव्हतं. शेवटच्या चाकाला तिने बोल्ट आवळला, डगल्याला हात पुसले आणि म्हणाली, "दाब आता."

पेडल दगडासारखं घट्ट. फिनबारने तीनदा दाबून पाहिलं, मग स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

सहा वाजता नोरीन आली, केक घेऊन. दारातूनच तिचं लक्ष बॉनेटकडे गेलं.

"हे काय?"

"सीगल पक्षी शिटला," फिनबार म्हणाला.

"देवाची करणी," कन्सेप्टा म्हणाली. दोघं एकदम बोलले.

"क्रूसाच्या आकारात?"

"या गावचे सीगल धार्मिक आहेत," कन्सेप्टा म्हणाली आणि केक घेऊन आत गेली.

जेवताना नोरीनने ब्रेकची चौकशी केली. फिनबारने झाले म्हणून सांगितलं. नोरीनने मान डोलावली. "तुझ्या कामाची मला काळजी नाहीच रे. तू करतोस ते विचार करून करतोस. मला काळजी हिची आहे. उद्या ही इंजिनात तीर्थ ओतायलाही कमी करायची नाही."

कन्सेप्टाचा काटा बटाट्यातच राहिला. तिने ताटातून वर बघितलं नाही. गप्प बसायचं ठरलं होतं. चावी टिकायची असेल तर असंच टिकायची, मुलगा शहाणा आणि आई वेडी, हे मान्य करून. तिने बटाटा तोंडात घातला.

"मीच ओतलं," फिनबार म्हणाला.

"काय?"

"तीर्थ. ब्रेकमध्ये. मी." त्याचे कान लाल झाले होते. "आईने ओळखलं. मला तर उद्या सकाळी कळलं असतं, पोलिसांकडून. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा तिने काढली. मी नुसता पाय दिला. नोरीन, आपण दोघं चावी चुकीच्या माणसाकडून काढून घेत होतो गं."

नोरीन एकदा भावाकडे, एकदा आईकडे बघत राहिली. कन्सेप्टा म्हणाली, "बाटली मीच दिली होती. आता बोलायचंच तर सगळं बोलू."

नोरीनने तोंडावर रुमाल धरला. आधी त्यांना वाटलं रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती अशी हसली, अशी हसली की बिशप टेबलाखालून बाहेर आला. "खरं तर तुम्हा दोघांनाही सायकलसुद्धा देऊ नये," ती डोळे पुसत म्हणाली. मग तिने पर्स उघडली आणि दुसरी चावी टेबलावर, लोण्याच्या बशीशेजारी ठेवली.

"आणि मंगळवारी?" कन्सेप्टाने विचारलं.

"मंगळवारी नापास झाली तर जे बिघडलं असेल ते दुरुस्त कर. तूच." नोरीनने केकचा तुकडा कापून आधी आईच्या ताटात वाढला. "त्या खोलीत मी गाडीच ठेवीन."

कन्सेप्टाने चावी उचलली नाही. नुसता तिच्यावर हात ठेवून बसली, जेवण संपेपर्यंत.

रविवारी सकाळी तिने बाटली हुंगली, मग बॉनेटवर कालच्याच क्रूसावरून शिंपडलं. नोरीन पुढे बसली, फिनबार मागे. वीस वर्षांत मिस्सेला न गेलेला माणूस गाडी उताराला लागताच प्रार्थना पुटपुटायला लागला. निम्म्या उतारावर, केसी बहिणींच्या दारासमोर, कन्सेप्टाने पेडल दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली. काहीसुद्धा आवाज झाला नाही.

दार बंद. पडदे बंद. केसी बहिणींचा पत्ता नाही.

"कुठे गेल्या?" नोरीन म्हणाली.

"कुठे जातील? किंचाळीची वाट बघत बसल्या असतील," कन्सेप्टा म्हणाली आणि आरशातून मागे बघितलं. "फिनबार, डोळे उघड आणि जा, दार वाजव. तेवढं तरी नीट करशील."